कडेवर लेकरू, हातात पासपोर्ट

तुमच्या गावात नसेल तर शेजारच्या गावात तरी असे एक घर असेलच. मुलगा आयटीआय करून वेल्डर नाही तर फिटर झाला, दोन-चार वर्षे इकडच्या कारखान्यांतून काढली आणि मग दुबईला, मस्कतला किंवा दोह्याला गेला. मध्ये सुटीवर आला तेव्हा लग्न झाले. लेकरू झाले तेव्हा तो तिकडेच होता. बापाने लेकाचे तोंड पाहिले ते मोबाईलच्या काचेतून. आता त्याचा पगार वाढला आहे, राहायला खोली मिळाली आहे, आणि तो रोज फोनवर म्हणतो आहे, "तुम्ही दोघे इकडे या." त्याला स्वतःला रजा नाही, आणि न्यायला येऊन परत जायचे म्हणजे भाडे दुप्पट. तेव्हा सुनेने दीड वर्षाचे लेकरू कडेवर घ्यायचे आणि एकटीने निघायचे.

मग घराघरांतून एकच प्रश्न सुरू होतो. "कशी जाशीन वं बाई एकटी, लेकराले घेऊन?"

भगिनींनो, हा लेख त्या सुनेसाठी आहे, आणि तिच्यापेक्षाही जास्त तिला निरोप देणाऱ्या घरासाठी आहे. कारण आमच्या घरी हा प्रसंग आला तेव्हा एक गोष्ट मला कळून आली. विमानात बसणे मुळीच अवघड नाही. मुंबईहून दुबई तीन-सव्वातीन तासांची वाट आहे. साकोलीहून नागपूरला एसटीने जाऊन जीव जितका आंबतो तितकाही तिथे आंबत नाही. अवघड जाते ते घरी करायचे राहून गेलेले काम. ते मग विमानतळावर, परक्या माणसांसमोर, रडत्या लेकरासह त्या एकट्या पोरीला निस्तरावे लागते.

आधी थोडी जुनी गोष्ट ऐका. "आपल्यात असे कधी झाले नाही" म्हणणाऱ्या आजीबाईंना ती मुद्दाम सांगा.

१८८३ सालच्या एप्रिल महिन्यात मुंबई बंदरातून एक मराठी बाई आगबोटीने इंग्लंडला निघाली. वय पंचवीस. वर्षापूर्वीच नवरा पटकीने गेलेला. आईबाप तर त्याआधीच दुष्काळात गेले होते. बरोबर होती मनोरमा नावाची मुलगी, नुकतीच दोन वर्षांची झालेली. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती, पण नवरा, दीर, भाऊ असा एकही पुरुष नव्हता. ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला होता. म्हणजे तिकिटाचे पैसेही स्वतःचेच.

एडन, सुवेझचा कालवा, भूमध्य समुद्र अशी ती वाट. जवळजवळ महिनाभर बोटीवर. दोन वर्षांचे मूल, बोटीचे हेलकावे, खाण्यापिण्याचा विटाळ मानणारा तो काळ. मे महिन्यात त्या इंग्लंडला पोहोचल्या. या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले मराठी पत्र 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी छापले गेले. पुढे त्यांनी धर्म बदलला, त्यावरून इकडे मोठे वादळ उठले; तो वेगळा विषय आहे. आपल्याला त्यातले एवढेच घ्यायचे की एक विधवा बाई, दोन वर्षांचे लेकरू घेऊन, स्वतःच्या पैशाने समुद्रापार गेली, आणि त्याला एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली.

त्याच एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या बंदरातून दुसरी मराठी मुलगी अमेरिकेला निघाली होती. डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांच्या कडेवर मूल नव्हते. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांतच गेले होते, आणि त्या दुःखातूनच डॉक्टर व्हायची ओढ लागली असे म्हणतात. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक समुद्र ओलांडून गेल्या, आणि पाच वर्षांच्या मनोरमेला बरोबर घेऊन गेल्या. लेकरू आडवे आले म्हणून त्यांनी जायचे टाळले नाही.

रमाबाईंच्या पत्रांत आणखी एक गोष्ट दिसते. इंग्लंडमध्ये ज्यांनी आसरा दिला त्यांना वाटे की मुलीला कसे वाढवायचे, तिला काय शिकवायचे, हे आम्ही ठरवू. रमाबाई म्हणत, आई मी आहे. त्यावरून बरीच पत्रापत्री झाली. परमुलखात गेलेल्या आईला हे दर पिढीत पुरते. इकडून सासू फोनवर सांगते असे कर, तिकडची शेजारीण सांगते तसे कर. ऐकून घ्यावे सगळ्यांचे, पण लेकरू आपल्यापाशी आहे हे ध्यानात ठेवावे.

असो. आता आपल्या भंडाऱ्याकडे वळू.

पहिले काम दाखल्याचे

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सासर पवनी तालुक्यात, आणि लेकरू जन्मले तुमसरच्या दवाखान्यात. जन्माची नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे. पुष्कळ घरांत हे माहीतच नसते. सासरच्या ग्रामपंचायतीत चार खेपा घातल्यावर कळते की दाखला माहेराकडे आहे. दुसरी अडचण नावाची. नोंद एकवीस दिवसांत करायची असते, आणि दवाखान्यात नोंद होते तेव्हा बारसेही झालेले नसते. त्यामुळे दाखल्यावर लेकराच्या नावाची जागा कोरी राहते, आणि घरच्यांना वाटते की कागद मिळाला म्हणजे झाले. आजच कपाट उघडून दाखला पाहा. नाव नसेल तर चढवून घ्या. आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव यांची इंग्रजी अक्षरे आईबापांच्या पासपोर्टवर जशी आहेत तशीच हवीत. एका अक्षराचा फरक असला तरी पुढे दहा ठिकाणी थांबावे लागते.

याला हल्ली फार महत्त्व आले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टला फक्त जन्मदाखलाच चालतो. २०२५ च्या फेब्रुवारीत पासपोर्टच्या नियमांत तसा बदल झाला. तेव्हा आज रांगणाऱ्या, दुडदुडणाऱ्या कोणत्याही लेकरासाठी दुसरा कागद नाही.

पूर्वी लहान मुलाचे नाव आईच्या पासपोर्टात लिहून भागत असे. आता तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, फी १,००० रुपये, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला त्यात दहा टक्के सूट आहे. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो आपणच काढून न्यायचा. फोटोच्या वेळी गालावरची तीट पुसा, काजळ पुसा, टोपडे काढा. चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. दृष्ट घरी आल्यावर काढता येते.

आता मुख्य अडचण. मुलाच्या पासपोर्टला आई आणि बाप दोघांची संमती लागते. त्याच्या नमुन्याला 'ॲनेक्शर डी' म्हणतात. बाप परदेशात असेल तर त्याने तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन आपले प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवायचे. त्याला एक दिवसाची रजा काढावी लागते, वकिलातीत वेळ घ्यावी लागते, कागद इकडे यायला दिवस लागतात. म्हणून हे काम सगळ्यांत आधी त्याच्या कानावर घाला. फोनवर इतर गप्पा नंतर. आई एकटीच पालक असेल तर 'ॲनेक्शर सी' हा वेगळा नमुना आहे. विधवा भगिनींनी पतीचा मृत्यूदाखला जवळ ठेवावा.

लग्नाचा दाखलाही लागतो. आपल्याकडे पत्रिका छापतात, मांडव घालतात, अख्ख्या गावाला जेवू घालतात, आणि नोंद करायची तेवढी राहते. ती ग्रामपंचायतीत होते, करून घ्या. कुटुंबाच्या व्हिसासाठी हा दाखला सरकारी शिक्क्यांनी साक्षांकित करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. दुबई, शारजा ज्यात येतात त्या अमिरातीत कुटुंब न्यायचे तर नवऱ्याचा पगार निदान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा, असावा लागतो. हे त्याने आधी पाहिलेले असावे, नाही तर इकडे सगळी तयारी होऊन बसते.

व्हिसा हाती आला तरी बापाच्या सहीचे एक पत्र बरोबर असू द्या: "माझी पत्नी माझ्या मुलाला घेऊन अमुक तारखेला येत आहे, माझी संमती आहे." आईबापांपैकी एकटेच मूल घेऊन निघाले की काही देशांत असे पत्र मागतात. इथे रागवायचे कारण नाही. मूल पळवून नेणारेही याच वाटेने जातात, म्हणून विचारतात.

तिकिटाचा एक हिशेब सांगते. दोन वर्षे पूर्ण न झालेले मूल आईच्या मांडीवर बसून जाते. परदेशच्या विमानात त्याचे भाडे साधारण मोठ्याच्या दहा टक्के आणि वर कर. ज्या दिवशी दोन पूर्ण झाली त्या दिवसापासून वेगळी जागा, वेगळे तिकीट. चार दिवसांच्या फरकाने काही हजार रुपये वाचतात. रमाबाईंच्या मनोरमेला आजच्या नियमाने पूर्ण जागाच घ्यावी लागली असती! पण खरे सांगायचे तर भारी, चळवळ्या पोराला मांडीवर घेऊन लांब अमेरिकेपर्यंत जाण्यापेक्षा परवडत असेल तर जागा घेतलेली बरी. आखातापर्यंत मांडी पुरते.

लाडवांचा डबा

आता जे सांगते ते आजीबाईंनी, सासूबाईंनी नीट वाचावे. वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्यावे.

माझी पुतणी शारजाला निघाली होती. कडेवर सोळा महिन्यांचा मुलगा. आदल्या दिवशी घरात सगळे गोळा झाले होते. आमच्या जाऊबाईंनी दोन दिवस राबून डिंकाचे लाडू केले होते. डिंक, खारीक, खोबरे, जायफळ, आणि वरून भाजलेली खसखस. पोरीच्या अंगाला लागेल, लेकराच्या दुधाला चांगले. दोन डबे भरून, फडके बांधून तयार. संध्याकाळी गल्लीतला एक मुलगा भेटायला आला. तो तिकडे गाडी चालवतो, सुटीवर आला होता. डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, यात खसखस तं नाही ना?"

आम्ही म्हटले, आहे की, असतेच. तो तिथेच मट्कन बसला.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याला ते वाटणातले साधे मसाल्याचे वाटते, पण अमिरातीत आणि सौदी अरबस्तानात ते नेणे म्हणजे अमली पदार्थ नेणे. सिंगापूरलाही बंदी आहे. मूठभर असली तरी गुन्हा. लाडवातली असली तरी गुन्हा. "मला माहीत नव्हते" हे तिथे चालत नाही. ते दोन्ही डबे आम्ही तिथेच ठेवून घेतले. जाऊबाई रात्रभर गप्प होत्या. पुढे महिनाभर आम्ही सगळ्यांनी ते लाडू खाल्ले, आणि दर वेळी कोणीतरी म्हणे, बरे झाले हो तो आला.

लक्षात घ्या, त्या पोरीला पकडले असते तर लेकराचे काय झाले असते? परक्या मुलखात, बाप बाहेर दाराशी उभा आणि आई आत.

जायफळाचेही तसेच. आपण बाळगुटीत जायफळ उगाळतो. सौदी अरबस्तानात जायफळ नेता येत नाही. तेव्हा गुटीची पुडी, सहाण, उगाळायच्या काड्या, अंगाऱ्याची पुरचुंडी हे सगळे घरीच राहू द्या. नाव नसलेली पुडी पाहिली की तपासणारा माणूस थांबणारच, आणि अंगारा म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायला दीड वर्षाचे लेकरू वेळ देत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानात चालत नाहीत. त्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते असे विमानवाले मानतात. लोणचे द्यायचेच असेल तर मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. हातातल्या पिशवीत लोणचे, तूप, तेल शंभर मिलीलिटरच्या वर नेऊ देत नाहीत. मुलाचे दूध, पाणी, खिमट यांना मात्र सूट असते. लागेल तेवढे बरोबर ठेवावे, तपासणीत आधीच काढून दाखवावे.

आणि दुसऱ्याचे सामान. "माझ्या पोराले एवढी थैली देजो बाई" असे म्हणत कोणी ना कोणी येतेच. नाही म्हणायला जड जाते. पण ऐका. २०१९ च्या जुलैत मुंबईचे एक तरुण जोडपे दोह्याला निघाले. नात्यातल्या एका बाईने त्यांना ही सहल भेट दिली होती आणि जाताना एक पाकीट दिले होते. त्यात चार किलोहून जास्त चरस निघाला. जोडप्याला त्याची कल्पना नव्हती. दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. तिला मुलगी झाली ती तिथल्या तुरुंगात. इकडे घरच्यांनी आणि आपल्या तपास यंत्रणेने पाठपुरावा केला तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवले, आणि लेकरू घेऊन ते मायदेशी आले. जवळजवळ दोन वर्षे गेली. म्हणून थैली आणणाऱ्याला सुनेने नव्हे, सासऱ्यांनी नाही म्हणावे. तिच्या तोंडावर ती जबाबदारी टाकू नये. बॅगही तिने स्वतःच्या हाताने भरावी, घरच्यांनी नंतर हळूच काही सारू नये. मायेने सारलेली वस्तूच घात करते.

औषधांविषयीही एक सांगायचे आहे. "विमानात रडेल, खोकल्याचे औषध पाज म्हणजे निजेल" असा सल्ला देणारे पुष्कळ. हा सल्ला कानाबाहेर ठेवा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी निघालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त लेकरे दगावली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने कळवले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत. झोपवण्यासाठी तर नाहीच नाही. शिवाय आखातात काही औषधांवर बंदी आहे. डॉक्टरांनी दिलेले तापाचे औषध, मीठ-साखरेची पाकिटे, एवढे मूळ खोक्यासह आणि चिठ्ठीसह घ्यावे. निघण्याआधी महिनाभर लसीचे कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जावे. गोवराची एक लस नवव्या महिन्यानंतर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत असते. राहिली असेल तर घ्यावी.

निघण्याचा दिवस

गेल्या काही वर्षांत नागपूरहून दोहा आणि शारजा या वाटेने थेट विमाने सुटत आली आहेत. दिवस आणि वेळा बदलत असतात, भाडेही कधी जास्त पडते. पण लेकरू बरोबर असलेल्या एकट्या बाईने दोन पैसे जास्त देऊन नागपूरचेच विमान पाहावे असे माझे मत आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, पण विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहर ओलांडून पलीकडे. त्याचा वेळ धरावा. घरचा माणूस दारापर्यंत येतो, हा मोठा आधार.

मुंबईहून जायचे असेल तर विदर्भ एक्सप्रेस भंडारा रोडला मिळते. गाडी उशिरा पोहोचू शकते, म्हणून एक दिवस आधी मुंबईत असावे. तिकिटावर विमानतळ कोणता ते नीट वाचा. आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे. टॅक्सीवाल्याला नुसते "विमानतळ" म्हणून चालणार नाही.

लेकराचे कपडे सुती, सैल. वाळे, पैंजण, चांदीचा करदोडा काढून ठेवा. तपासणीच्या दारात ते वाजतात आणि लेकरू परक्या हातात जाते. जुन्या लुगड्याची झोळी बरोबर घ्याच. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण आपल्या लेकरांना तिची सवय नसते, ती झोळीतच निजतात. तपासणीत मात्र झोळीतून काढून कडेवर घ्यावे लागते. दुपट्यांची जोडी, झबली तीन, लंगोट भरपूर, आणि आईसाठी एक जास्तीचे पोलके. ही शेवटची वस्तू सगळ्या विसरतात. पोराने अंगावर ओकले की मग तशाच वासात नवऱ्यासमोर उतरावे लागते!

खायला काय? आपण भाताच्या मुलखातले. तांदूळ आणि मूग भाजून केलेले पीठ स्वच्छ डब्यात घ्या, वर नाव लिहा. विमानात गरम पाणी मागितले की देतात. चिमूटभर मीठ, थोडे तूप, खिमट तयार. मऊ गोड पोळी, धिरडे चालते. फुटाणे, शेंगदाणे नकोत. इतक्या लहानाच्या घशात दाणा अडकला तर जीव जातो. अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यांनी फळ आणि बियाणे उतरताना जवळ ठेवू नये, तिथे फार कडक आहे.

कानाचे समजून घ्या, कारण विमानात लेकरू रडते ते बहुधा कानानेच. घशापासून कानापर्यंत एक बारीक नळी असते. विमान वर जाताना आणि विशेषतः खाली उतरताना हवेचा दाब बदलतो, आणि ती नळी उघडली नाही तर कान दुखतो. गिळले की नळी उघडते. मोठी माणसे आवंढा गिळतात, लेकराला ते कळत नाही. म्हणून त्या वेळी अंगावर पाजा, नाही तर चमच्याने, वाटीने पाणी द्या. उतरायला अर्धा तास असताना निजलेल्या लेकराला उठवा. बाईला वाटते, निजले आहे ते निजू द्यावे. आणि मग ते कानाच्या कळेने किंचाळत उठते. नाक चोंदलेले असेल तर जास्त दुखते, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

मांडीवरच्या लेकरासाठी वेगळा छोटा पट्टा असतो, तो मागून घ्यावा. लहान मूल असलेल्यांना बहुधा आधी आत सोडतात, विचारावे. शौचाला जायचे असेल तर हवाईबाईला सांगावे, ती क्षणभर लेकरू सांभाळते किंवा कोणाकडे तरी देते. लाजू नये. आपल्या बायका चार तास दम धरून बसतात, पाणी पीत नाहीत, आणि मग अंगावरचे दूधही आटते. लेकरू रडलेच तर रडू द्यावे. शेजारचा तोंड वाकडे करील, करू द्या. तोही कधीतरी रडलाच होता.

पुतणीने नंतर सांगितले की तिला मदत मिळाली ती अगदी अनोळखी माणसांकडून. एका केरळी परिचारिकेने रांगेत बॅग धरली, एका म्हाताऱ्या पठाणाने पोराला आपली जपमाळ खेळायला दिली. तिने फक्त एवढे पाळले की पोर आणि पासपोर्ट या दोन गोष्टी कोणाच्या हाती द्यायच्या नाहीत. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर तिने गळ्यातल्या कापडी पिशवीत ठेवले होते. नंबर कागदावर लिहिलेला. मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते, आणि नवऱ्याचा नंबर आजकाल कोणाच्या पाठ असतो?

उतरल्यावर शिक्क्याची रांग असते. दोन प्रश्न विचारतात: कोणाकडे आलात, मूल कोणाचे. हिंदी समजणारा कोणी बहुधा असतो. शांतपणे कागद पुढे करावेत.

आणि मग बाहेर तो उभा असतो. हे शेवटचे, पण माझ्या मते सगळ्यांत नाजूक. दीड वर्ष ज्याने लेकरू काचेतून पाहिले तो बाप हात पुढे करतो, आणि लेकरू भोकाड पसरून आईच्या खांद्यात तोंड खुपसते. त्याला तो बाप माहीतच नाही. फोनमधला चेहरा हातभर होता, हा तर चांगला सहा फुटांचा, दाढी वाढलेला. बापाला वाईट वाटते, कधी रागही येतो, आणि ती बिचारी मध्ये सापडते. भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर ओढून घेऊ नका. दोन दिवस नुसते जवळ बसा. त्याच्या वाटीतले खा. आमच्या जावयाकडे पोरगा पाचव्या दिवशी आपणहून गेला, तेही त्याच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यासाठी.

इकडे घर सुने होते. आजीला सकाळी उठल्या उठल्या लेकराची आठवण येते आणि ती सात वाजताच फोन लावायला सांगते. शारजा आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपले सात म्हणजे तिकडचे साडेपाच. दोहा आणि रियाध अडीच तास मागे. आमच्या जाऊबाईंनी आता भिंतीवरच्या घड्याळाखाली खडूने एक रेघ ओढून ठेवली आहे. मोठा काटा तिथे आला आणि साडेआठ वाजले की त्या चुलीजवळून उठून मोबाईल पुसून घेतात.